उजवा कौल

आमच्या ग्रामदेवाची रोजची पूजा मी करते. यजमान गेले तेव्हा सासऱ्यांनी ती माझ्याकडे दिली. देवाला आंघोळ घातल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही, हा माझा नेम. कौल मात्र गुरवाच्या घरातल्या पुरुषानेच लावायचा, म्हणून तो धाकट्या दिराकडे, निलेशकडे. निलेश माझ्याच हाताखाली वाढला. आता मिरजोळ्याच्या एमआयडीसीत नोकरीला जातो.

देवळाशेजारी गरम पाण्याचं कुंड आहे. निलेशने तिथलं ऊन पाणी तांब्याच्या नळीने गाभाऱ्यात आणलं, पऱ्ह्याचं, म्हणजे ओढ्याचं, गार पाणी दुसऱ्या नळीने, आणि दोहोंच्या मध्ये तळहाताएवढी पट्टी बसवली. दिवा लागला.

"एका बाजूला ऊन, एका बाजूला गार, की झाली वीज," तो म्हणाला. "वहिनी, तुझं तेल वाचलं."

मला कौतुकच वाटलं.

पुढे त्याच्या ओळखीची एक कंपनी आली. कुंडापाशी खोल बोअर मारायची आणि खालच्या उष्णतेवर गावाला पुरेल एवढी वीज काढायची, असं ठरत होतं. लोक बिचकले. सगळ्यांत जास्त मोहल्ल्यातली शरीफाबी. ती रोज कुंडात गुडघे शेकायला येते.

"पाणी आटलं तर मी काय निलेशच्या बल्बवर गुडघे शेकू?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "कौल लावू. देव सांगेल ते मान्य करायचं."

"तू म्हणतेस ना? मग माझं काही नाही."

दुसऱ्या दिवशी निलेशने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजव्या बाजूच्या पाकळ्या सुटून एकामागून एक खाली आल्या. डावीकडची एकही हलली नाही. लोकांनी हात जोडले. शरीफाबीनेही बाहेरून मान डोलावली. सह्या उद्या सकाळी करायच्या ठरल्या.

सकाळी मी देवाला आंघोळ घातली. अंग पुसताना उजवा खांदा हाताला कोमट लागला. डावा थंडगार होता. मी मागे वाकून बघितलं. दिव्याच्या ऊन पाण्याच्या नळीला एक नवा फाटा काढून तो देवाच्या दगडाला टेकवला होता. फाट्याचा कॉक उघडा होता.

निलेश हार घेऊन आला.

"हा कॉक कसला रे?"

त्याने आधी दाराकडे बघितलं. "बंद करायचा राहिला."

"म्हणजे उजव्या पाकळ्या उबेने वाळून पडल्या."

"देव नाहीच म्हणाला असता कशावरून? मी फक्त जरा ऊब दिली, वहिनी."

"त्याला विचारलं तर असतंस."

"आणि डावा पडला असता तर? हे लोक जन्मभर कंदील पुसत बसतील. तू गप्प राहा, एवढंच कर माझ्यासाठी."

माझ्यासाठी म्हणाला. लहानपणी ताप आला की असाच म्हणायचा.

मी कॉक बंद केला, पूजा पुरी केली आणि सभामंडपात गेले. कंपनीचा माणूस कागद मांडत होता. माझा आवाज मुळातच बारीक, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं. "देवाने होकार दिला नाही. तो आमच्या घराने दिला."

लोक गाभाऱ्यात जाऊन दगडाला हात लावून आले. सरपंचांनी कागद परत केला. मग शरीफाबी माझ्यासमोर आली.

"देवाला रोज हात लावणारी तूच ना गं? आणि कौल लावू म्हणालीस तीही तूच."

"मला आज सकाळी कळलं."

"असेल," ती म्हणाली. तिच्यामागे कुणीतरी हसून म्हणालं, "घरातल्या घरात शिजवलं आणि करपलं तेव्हा ओरडली."

कॉक त्याने कौलाच्या दिवशीच उघडला होता. त्याआधी दगड गारच होता. हे माझ्याशिवाय फक्त निलेशलाच ठाऊक होतं. तो गाभाऱ्याच्या दारात उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

निलेशने हातातला हार खांबाला अडकवला, चपला घातल्या आणि पायऱ्या उतरून निघून गेला.