काय झालं न्हाय

डॉ. रूपाली मगदूम स्वतःचंच नाक धरून ओढत होती. नाक चांगलं हातभर लांब होतं आणि फ्लेक्सवर छापलेलं होतं. दोऱ्या काही सुटेनात, तेवढ्यात मंडळाचा अध्यक्ष केरबा व्यासपीठावरून धावत आला.

"अवो मॅडम, काय करताय? आता सत्कार सुरू हुईल की!"

"यामागे दार आहे ना?"

"हाय की. पर तिकडनं कोण जातंय?"

फ्लेक्सवर रूपालीला फेटा बांधला होता आणि पाठीमागे भलामोठा अणुस्फोट उसळत होता. जो होऊ नये म्हणून तिने अख्खी नोकरी झिजवली, तोच केरबाने तिच्या डोक्यामागे उडवून दिला होता.

"स्फोट न्हाय दावला, तर लोकास्नी कसं कळावं तुमी अणूतल्या हाय त्ये?"

रूपाली पुन्हा दोरीच्या गाठीशी झटू लागली. अणुवीज केंद्राभोवतालच्या गावांतलं गवत, दूध, मासळी तपासून किरणोत्सर्ग वाढलाय का ते बघायचं आणि संकट आलंच तर माणसं कोणत्या वाटेने बाहेर काढायची हे ठरवून ठेवायचं, हे तिचं काम. संकट कधी आलंच नाही. निवृत्त होऊन ती कोल्हापुरात आईकडे, अक्काताईंकडे, परतली, तेव्हा त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं,

"इतकी वर्षं दूध तपासलंस, आन् एकदाबी खराब निघालं न्हाय?"

"नाही."

"मग तपासत कशाला बसलीस?"

हे तिला फार झोंबलं होतं. साहेब लोकांची शाबासकी मिळाली होती. पण आईने एकदा तरी 'बरं केलंस' म्हणावं, एवढ्याचसाठी तिने या सत्काराला होकार दिला होता. घरातही दार मोकळं ठेवण्यावरून रोज तंटा होताच. परसदाराला अक्काताईंनी ज्वारीचं पिंप टेकवून ठेवलं होतं आणि त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

फ्लेक्स उतरला. मागे खुर्च्यांची चवड निघाली आणि चवडीमागे कुलूप.

"हे उघडल्याशिवाय मी बसणार नाही," रूपाली म्हणाली.

मग किल्लीसाठी धावाधाव झाली. लोक ताटकळले, पाहुणे चुळबुळू लागले. पहिल्या रांगेत अक्काताईंनी तोंडाला पदर लावला आणि शेजारणीला सांगितलं, "सोत्ताच्या लग्नातबी हिनं असंच केलं. मांडवाची वायर बघाय गेली, मुहूर्त टळला."

शेवटी किल्ली आचाऱ्याच्या खिशात सापडली, दार उघडलं आणि सत्कार सुरू झाला. केरबाचं भाषण रंगात आलं.

"आमच्या मॅडमनी किती लोकांचे प्राण वाचवले…" असं म्हणून तो आकड्यासाठी तिच्याकडे बघत राहिला. तिने नुसती मान हलवली. त्याच वेळी वीज गेली.

पुढच्या दाराशी ठेवलेला जनरेटर एकदा खोकला आणि काळाकुट्ट धूर ओकू लागला. धूर सरळ सभागृहात शिरला. पोरं रडू लागली, खुर्च्या कलंडल्या. पण मागच्या दारातून संध्याकाळचा उजेड आत येत होता, आणि माणसं आपसूक तिकडे वळली. अक्काताईंना कुणी हात धरायचीही गरज पडली नाही. बाहेर आचारी जिलब्या तळत होता. लोक डोळे पुसत तिथेच ताटल्या घेऊन उभे राहिले.

"घाबरू नगा मंडळी," केरबा ओरडला, "काय झालं न्हाय!"

रूपालीला हसू फुटलं. तिच्या कामाबद्दल इतकं नेमकं आजवर कुणी बोललं नव्हतं.

शाल-श्रीफळ अंगणातच उरकलं. खाली अंथरलेल्या फ्लेक्सवर लोक जेवायला बसले आणि कुणीतरी तिच्या गालावर मठ्ठा सांडला. रिक्षात अक्काताई एवढंच म्हणाल्या, "जिलबी बरी हुती." रूपालीने वाट पाहिली, पण पुढे काही आलं नाही. तिला मनापासून वाईट वाटलं.

सकाळी फरशीवर काहीतरी खरवडल्याच्या आवाजाने ती उठली. स्वयंपाकघरात अक्काताई पदर खोचून ज्वारीचं पिंप दारापासून ढकलत होत्या.

"आई, अगं मला हाक मारायची!"

"तू गप. वारं येत न्हवतं घरात."

त्यांनी कडी काढली. परसात शेवग्याचं पानसुद्धा हलत नव्हतं.  रूपालीने पिंपाला दुसऱ्या बाजूने हात लावला.