दत्तरावांच्या गाडीचं रक्त

या, जरा अलीकडं सरका. मागं भिंतीला टेकून बसलं की कीर्तनातलं अर्धंच कानावर येतं, आणि आजची गोष्ट अर्धी ऐकण्यासारखी नाही. पालमच्या अलीकडल्या एका गावात मोटारीला रक्त यायला लागलं, त्याची ही गोष्ट. जसं घडलं तसं सांगतो.

गुरुवार होता. मनकर्णाबाईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. एसटीनं उतरलेली माणसं, काखेत पोरं, हातात नारळ. बोरीखाली एक जुनी पांढरी मोटार उभी होती. बॉनेटवर झेंडूचा हार, काचेवर अष्टगंध, आणि पुढच्या दोन चाकांच्या मधे जमिनीवर पितळी परात. ही गाडी मनकर्णाबाईंच्या नवऱ्याची, दत्तरावांची. दत्तराव जाऊन दीड महिना झाला होता.

आश्रुबा महाराजांनी आधी बॉनेट उघडलं, आतली एक पातळ पट्टी उपसली आणि तिच्या नळीत कमंडलूतलं तीर्थ ओतलं. मग चावी फिरवली. इंजिन घुरघुरलं.

"देवळात देवाला जागं करायला घंटा," महाराज म्हणाले, "इथं दत्तरावाला जागं करायला चावी. ऐका, घुमायलाय. आता बोलंल. तोंडानं न्हाई, रक्तानं."

परातीत टप्पकन एक थेंब पडला. मग दुसरा. लालभडक. बायांनी पदर तोंडाला लावले. परातीजवळ बसलेल्या मनकर्णाबाईंनी हात जोडले आणि गाडीच्या चाकाला कपाळ टेकलं.

गर्दीच्या मागं उभ्या असलेल्या बजरंगानं मान खाली घातली. तो गावातला मिस्त्री. ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकल, काहीही दुरुस्त करायचा, आणि गुरुवारच्या भजनात टाळ धरायचा. गावात त्याच्या शब्दाला वजन होतं. आणि या चमत्काराच्या मुळाशी त्याचाच शब्द होता.

झालं होतं असं. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, दत्तरावांचा दहावा होता. कावळा शिवेना. तासभर सगळे उन्हात थांबले, नवस बोलले, शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. माणसं मन खट्टू करून घरी आली. जेवणाच्या पंगतीला जागा हवी म्हणून बजरंगानं गाडी बाजूला घेतली. ती थोडा वेळ तशीच चालू राहिली, आणि कुणीतरी ओरडलं की खाली रक्त पडलंय. बजरंगानं बोट लावलं. चिकट होतं. लोकांनी विचारलं, काय हाय? त्यानं आपल्या हाताखालून गेलेलं सगळं आठवलं. इंजिनचं तेल काळं, गिअरचं मधासारखं, ब्रेकचं पिवळसर. तो म्हणाला, "गाडीत लाल तेल नसतंच."

तेवढं बास झालं. कावळा का शिवला नव्हता ते गावाला कळलं: दत्तरावांचा जीव गाडीत अडकला होता. आठ दिवसांत आश्रुबा महाराज आले. रडणाऱ्या गाडीला आश्रुबाच भेटावा हाही लोकांना योगच वाटला. चावी महाराजांनी स्वतःच्या जानव्याला बांधली.

एवढंच असतं तरी सोसलं असतं. पण मनकर्णाबाईंना साखर होती. रोज सकाळी गावात आरोग्याचं काम करणारी आशाताई शिवकन्या येऊन त्यांना इन्सुलिनची सुई द्यायची. पोटी लेकरू नव्हतं. पहाटे दत्तराव गरम पाणी करायचे आणि शिवकन्येची वाट बघायचे. महाराजांनी ते हेरलं. एका सकाळी सुई झाल्यावर त्यांनी गाडी चालू केली, रक्त पडलं. दुसऱ्या दिवशी सुई बंद ठेवायला लावली, चावीला हात लावला नाही, परात कोरडी राहिली.

"तुला टोचलं की त्याला लागतंय, माय," महाराज म्हणाले. "दर गुरुवारी मागचं साचलेलं तेवढं वाहंल. तू सोस. मंग तो सुटंल."

ज्या माणसानं जन्मभर जपलं, त्याला आपल्या सुईनं दुखावं? मनकर्णाबाईंनी सुई सोडली. शिवकन्या हात जोडून थकली. पंधरा दिवसांनी बाईंच्या पायाच्या बोटाला जखम झाली, ती भरेना. वास यायला लागला. दवाखान्याचं नाव काढलं की त्या म्हणायच्या, ह्यांना सुटू दे, मंग येते.

त्या गुरुवारी आरती झाल्यावर शिवकन्येनं बजरंगाला रस्त्यात गाठलं.

"भाऊ, काकू जायलीय. तुमच्या एका शब्दावर हे समदं उभं हाय."

"मी जे पाह्यलं ते बोललो, ताई."

"काय पाह्यलं?"

"लाल थेंब."

"आन लाल तेल दुनियेत कुठंच नसतंय, हे कवा पाह्यलं?"

दोन दिवस बजरंगाचं कामात लक्ष लागेना. त्याला एक गोष्ट आठवत होती. दत्तरावांचा डावा पाय लहानपणापासून अधू. क्लच दाबता येत नाही म्हणून त्यांनी बिनक्लचची, आपोआप गिअर बदलणारी जुनी गाडी पुण्याहून आणली होती. बजरंगानं तिचं टायर आणि बॅटरी पाहिली होती. गिअरचं काम दत्तराव नांदेडला करून आणायचे. तशा गिअरचं पोट बजरंगानं कधी उघडलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो परभणीला गेला आणि नागेशच्या स्पेअर पार्टच्या दुकानात नुसतं विचारलं, बिनक्लचच्या गाडीत गिअरला कोणतं तेल पडतं? नागेशनं फळीवरून डबा काढला आणि झाकणात थोडं ओतून दाखवलं. लालभडक.

"रंग मुद्दाम घालतेत," नागेश म्हणाला. "गळालं तर कोणतं गळायलंय ते वळखू यावं म्हणून."

बजरंग तिथंच स्टुलावर बसला. जे ओळखता यावं म्हणून लाल केलं, त्याच्याच लाल रंगानं गाव फसलं होतं. त्यानं तेलाला टिकणारा नळीचा तुकडा, चार क्लिपा आणि तेलाचा डबा घेतला, आणि मिळाली त्या एसटीनं निघाला.

अंगणात माणसं होतीच. त्यानं महाराजांकडं चावी मागितली. महाराज म्हणाले, गाडीला हात लावशील तर हात झडंल.

"झडू द्या. तोवर तेवढं वंगण पुसून घेतो."

चारदोन जण हसले. महाराज उठायच्या आत गावातल्या दोघा गड्यांनी चावी सोडवून घेतली. बजरंगानं कमंडलू उचलला आणि आपल्या पांढऱ्या टोपीवर उपडा केला. टोपी लाल झाली.

"हे तीर्थ," तो म्हणाला. "वरून गिअरचं तेल मोजायच्या पट्टीच्या नळीत हे ओततेत, खालून तेच गळतंय."

मग त्यानं लोकांना सांगितलं, आज काकूला सुई दिलेली नाही, आणि मागचं साचलेलं गुरुवारीच वाहून गेलंय, तरी बघा. चावी फिरवली. परातीत थेंब पडले. त्यानं गाडी बंद केली आणि खाली शिरला. गिअरचं तेल तापतं; ते गार करायला दोन नळ्यांतून पुढं रेडिएटरपाशी जातं आणि परत येतं. लोखंडी नळीला जिथं रबरी नळी जोडली होती, तिथं रबर उन्हानं आणि वयानं चिरलं होतं. इंजिन चालू झालं की तेलाला जोर येई आणि त्या चिरेतून ते बाहेर पडे. बंद गाडीत जोर नाही, म्हणून परात कोरडी. त्यानं कुजलेली नळी कापून काढली, नवी चढवली, दोन्हीकडं दोनदोन क्लिपा आवळल्या, वरून तेल भरलं. पाऊण तास लागला. तेवढ्यात महाराज मागच्या दारानं शेतातल्या पांदीच्या वाटेला लागले होते. कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

बजरंगानं परात पुसून पुन्हा खाली सरकवली आणि इंजिन चालू केलं. मग मनकर्णाबाईंसमोर बसला.

"काकू, चूक माझी हाय. मला ठाव नव्हतं, तर 'ठाव न्हाई' म्हणायचं होतं. मी 'नसतंच' म्हणलो."

बाई परातीकडं बघत होत्या. मागं माणसांचा वाद सुरू झाला होता. नळी बदलली म्हणून काय झालं, कावळा तर शिवला नव्हता. महाराजांचा कोप झाला तर कोण निस्तरणार. आवाज चढत होते.

मनकर्णाबाईंनी दंडावरचा पदर सारला आणि हात शिवकन्येपुढं केला. "टोच."

शिवकन्येनं सुई दिली. इंजिन चालू होतं. परातीत काही पडलं नाही.

"ह्यांना लागलं न्हाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "म्हंजी हे हितं नव्हतेच. मंग इतके दिस मी कोणासंगं बोलायले होते?"

शिवकन्येनं त्यांना कुशीत घेतलं. नवरा गेला त्या दिवशी रडल्या नव्हत्या तेवढ्या त्या आता रडल्या.

बजरंगानं त्याच गाडीत घालून त्यांना परभणीला नेलं. पायातलं विष अंगभर गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस आधी आणलं असतं तर बोटावर निभावलं असतं. सहाव्या दिवशी बाई गेल्या.

मी देवाधर्मातला माणूस आहे. नामानं मन गार होतं हे मी अनुभवानं सांगतो. पण नाम घ्यायला कुणाचं औषध बंद करावं लागत नाही, आणि तसं सांगणारा माणूस देवाचा नसतो. डोळ्यांना नवल दिसलं की हात जोडायच्या आधी वाकून खाली बघा. गळतंय कुठून, कधी गळतं, कधी थांबतं, चावी कुणाच्या हातात आहे. आणि उत्तर येत नसेल तर ठाऊक नाही म्हणा, तसं म्हणण्यात कमीपणा नाही.

एवढं मागणं आहे. मनकर्णाबाईंना आठवणीत ठेवा. सगळं गाव वाद घालत उभं होतं. खरं ऐकून जिचं सगळ्यांत जास्त जाणार होतं, तिनं हात पुढं केला.