सातवी तार

माझ्या डब्याने मला बाबांसमोर तीन वेळा तोंडघशी पाडलं होतं.

रिठदच्या आमच्या हळदीच्या शेतात मी आठ ठिकाणी ओलावा मोजायच्या पट्ट्या खोचल्या होत्या. आठही तारा विहिरीजवळच्या डब्यात यायच्या आणि आकडे माझ्या मोबाइलवर. डबा मीच जोडलेला. डिप्लोमा काय भिंतीवर टांगायला केला नव्हता. पण आकडे म्हणजे निव्वळ थापा. काल चिखल, आज वाळवंट. त्यांच्या भरवशावर एकदा पाणी बंद ठेवलं, तर पानांनी माना टाकल्या.

"आयतवारपर्यंत पाह्यतो," बाबा म्हणाले. "मंग बी खोटं बोलला, तं डबा हिरीत आन् पानी माह्या हाती. तू खुशाल वाशीमले नोकरी पाह्य."

मला नोकरी नको होती. मला ही हळद सांभाळायची होती, पाण्याच्या निर्णयासकट.

मी रागारागाने डब्यापाशी जाऊन बसले. आठ वाजले, लाइन आली, ऑटो स्विचने मोटर दणक्यात उठवली आणि मोबाइलवरचा आकडा बेडकासारखा उडाला. मी कपाळावर हात मारून घेतला. शेतीची लाइन आठच्या ठोक्याला येते, हे इथे कोणाला माहीत नाही? आणि मी शहाणीने डब्यालाही बरोबर ठोक्यालाच, तेही एकदाच मोजायला सांगितलं होतं! मोटरच्या दणक्याने तारेत जे घुसायचं, तेच तो ओलावा म्हणून लिहायचा.

आई जवळच तण निंदत होती. सगळं ऐकून हसली. "एकदाच इचारलं तं मी बी काई बी सांगीन. चार डाव इचार त्याले."

मी चौसष्ट डाव विचारलं. मोटर उठल्यावर जरा दम खायचा, मग प्रत्येक तारेवर लागोपाठ चौसष्टदा मोजून सरासरी काढायची. शिवाय पाणी बंद असताना तासातून एकदा मोजायचं, सुरू असताना दर दहा सेकंदांनी. आकडे एकदम माणसात आले.

शनिवारी पाणी सोडलं. सात तारांचे आकडे चढले. सातवी तार मात्र जागची हलेना.

बाबांनी धुऱ्याजवळच्या, म्हणजे बांधालगतच्या पहिल्या ओळीतली माती मुठीत दाबली. "पाह्य, लाडू होऊन राह्यला. तुहा डबाच येडा हाये."

"ते पयल्या ओळीत, बाबा. सातव्या पट्टीपाशी चाला."

"तितलोक कायले?"

"मंग कोरडं हाये हे माना."

चिडूनच निघाले. खाली बसून त्यांनी माती उकरली. ती भुसभुशीत, कोरडीठाक. थोडं मागे उंदरांनी ठिबकची नळी कुरतडली होती आणि सगळं पाणी बिळात चाललं होतं. बाबांनी नळी कापून जोड लावला आणि ते माझ्या खांद्यावरून मोबाइल बघत राहिले. सातवीचा आकडा हळूहळू चढला. मला भयंकर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आयतवार उजाडला. शेजारचा मदनसिंग धुऱ्यावर आला. त्याची जमीन आमच्यासारखीच, आणि पाण्याचं तो वर्षानुवर्षं बाबांनाच विचारायचा.

"चंपतभाऊ, आज पानी देऊ का उद्या?"

बाबांनी सवयीने वाकून माती उचलली. मुठीत धरली, आणि न दाबताच खाली सोडली.

"साधनाले इचार," ते म्हणाले. "ते आठ ठिकानी पाह्यते. मी इतके वर्सं पयल्याच ओळीत पाहून तुले सांगून राह्यलो."

मदनसिंग माझ्याकडे वळला. मी मोबाइल काढला आणि आधी सातवीचा आकडा पाहिला.