रोख का हैद्राबाद

बाहत्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्सं झाली होती. साबणाच्या कंपनीचा एजंट बाळापूरला आमच्या दुकानात आला अन् माझ्या नवऱ्याला म्हणला, "तातेराव, औंदा तुमी लई पेट्या खपवल्या. कंपनीचं इनाम घ्या. एक तर रोख पैसे, न्हाईतर नवराबायकोला रेल्वेनं हैद्राबाद, जाऊन-येऊन. दोन्हीतलं एकच."

मी आतून ऐकून राहिले होते. हैद्राबाद म्हणल्यावर माझ्या अंगात जीवच आला. माझी मिरी तिथंच दिलेली. लगीन झाल्यापासून एका सणालाबी धाडली न्हाई मेल्यांनी. बांगड्यावाले चाँदभाई तिकडून माल घेऊन आले, तवा सांगत होते, "भाभी, पोरगी वाळून गेली. हातावर वळ हाएत. म्हणली, आईला म्हणावं मला न्यायला ये."

एवढं ऐकून बापाचं काळीज फाटायला पायजे का न्हाई? मी म्हणलं, "हैद्राबाद घ्या. लेकीला घेऊनच येऊ."

तर ह्यो बाबा डोकं खाजवत म्हणतो, "पहिल्यांदा लेकीच्या दारात जायाचं, अन् रिकाम्या हातानं? इहिणीला लुगडं, याह्याला धोतर, जावयाला कापड न्हाई नेलं तर लोक तोंडात शेण घालतील. रोख घेऊ, आहेर करू, मग जाऊ."

"अवो, मारून राहिले तिला! आहेर कुणाच्या मढ्यावर घालता?" लई बोंबलले मी. पर बाईमाणसाचं ऐकतं कोण? जळलं मेलं ते नाक! घेतली रोखच.

आहेर झाला, झकास झाला. अन् तिकिटाला छदाम उरला न्हाई. मग ह्या शहाण्यानं आहेराची पिशवी चाँदभाईच्या हातात देली. "तुमी जाऊनच राहिले, तेवढं पोचवा. आमी दिवाळीचा माल खपला की येतो."

चाँदभाई परत आले त्या दिवशी बाजार होता. मी पळतच त्यांच्या पालापाशी गेले. "काय म्हणली माझी मिरी?"

ते बांगड्या मांडत राहिले, वर बघेनात. "तुमचे याही लई खुश झाले, भाभी. इहीणबाईनं लुगडं लगेच नेसलं. मिरीला म्हणल्या, बघ गं, तुझ्या मायबापाची आमच्याबद्दल काही तक्रार न्हाई."

"अन् मिरी?"

"बाळापूरचं माणूस आलं म्हणल्यावर पळत आली. चप्पल घालून, काखेत गाठोडं घेऊन. माझ्या मागं बघत राहिली, पार गल्लीच्या तोंडापर्यंत. मी म्हणलो, बेटी, आई मागून येनार. तिनं गाठोडं सोडलं, लुगडी दोरीवर टाकली अन् भांडी घासायला बसली."

"निरोप तरी?"

"निघताना म्हणली, आईला सांगा, आता येऊ नको."

मी तिथंच भर बाजारात खाली बसले अन् गळा काढून रडले. मिरीचा बाप समोर दुकानातून ओरडला, "काहून रडून राहिली? आहेर पोचला ना बराबर?"