बिनभिंतीची पेटी

बुधवारी सकाळी हेमांगी कारखानीस प्रयोगशाळेच्या उजव्या दाराने बाहेर पडली आणि त्याच पावली डाव्या दाराने आत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. मग पळतच गेली, तर डावीकडून आत शिरताना स्वतःचीच वेणी उजव्या दारातून बाहेर जाताना दिसली. तिने टाळ्याच पिटल्या.

"सामंत, अरे चालली! आपली पेटी चालली!"

तिचा सहकारी सामंत चहा ढवळत होता. "नाचू नकोस. दार लाव, वारा येतोय."

"कुठलं लावू? दोन्ही एकच आहेत."

पेटी त्या दोघांनीच गणितात बांधली होती. संगणकात पाण्याचे मूठभर कण घ्यायचे, उजवीकडून निसटलेला कण डावीकडून आत आणायचा. भिंतच नाही म्हटल्यावर एवढ्याशा पेटीचा समुद्र होतो. त्या समुद्रात कर्बाची एक नळी, डोळ्यांना न दिसणारी. तिने पाणी सोडायचं, मीठ अडवायचं. अडवलं, तर हेमांगीच्या खाडीकाठच्या गावातल्या खाऱ्या विहिरी गोड्या होणार. नाही अडवलं, तर कामाची सगळी वर्षं पाण्यात.

आज खोलीच पेटी झाली होती, आणि ती नळी मधोमध आडवी पडली होती, भरल्या अंगाच्या बैलासारखी, अंगावर मधमाशीच्या पोळ्याची नक्षी. गुणगुणतही होती.

"मी आत जाते," हेमांगी म्हणाली.

"हेमांगे, थांब. माणूस म्हणजे काय, ते आपण संगणकाला शिकवलंच नाहीये. त्याला पाणी ठाऊक, मीठ ठाऊक. संपलं."

"मग मला काय समजेल तो?"

"जे असशील ते."

"म्हणजे निकाल आजच!" तिने ओढणी खोचली आणि शिरली.

नळीने तिला हळूच आवळलं. तिच्यातलं पाणी शाळेतल्या पोरांसारखं एकामागे एक रांग धरून पुढे निघालं. उरलेली हेमांगी तोंडाशीच अडली. पांढरीशुभ्र, वेणीसकट, हात वर केलेली. तिला सगळं दिसत होतं. पाणी उजव्या दाराने गेलं आणि डाव्या दाराखालून झुळझुळत आत आलं. सामंतने उरलेला चहा बेसिनमध्ये ओतला, वाकून कप भरला.

गोडं आहे का रे? तिला विचारायचं होतं. जिभेचा खडा झाला होता.

सामंत गटागटा प्यायला. त्याचे डोळे लकाकले. कप ठेवून तो तिच्याच आवाजात ओरडला, "सामंत, अरे गोडं आहे!"

आणि खोलीत सामंत कुठे दिसेना, म्हणून त्याला शोधायला उजव्या दाराने पळत सुटला.