जावयाची तिरपी खुर्ची

महिनाभर राहायला आलेल्या सासूबाईंसाठी जावयाने स्वतः खुर्ची घडवली होती. ती पाहताच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पाय चार दिशांना पळालेले, पाठीला मधोमध भेग, एक हात वर नि दुसरा खाली.

"ही कुठून पडली का गं?" त्यांनी लेकीला हळूच विचारलं.

"अगं आई, ती शैलीच आहे त्यांची. मोडल्यासारखी दिसते, मोडत नाही."

म्हणजे पाहुणीनं लवकर उठावं, हाच डाव. सासूबाई जपून टेकल्या. दुखरा मणका त्या भेगेत अलगद विसावला, आखडलेला कोपर उंच हातावर नेमका बसला. उठावंसंच वाटेना.

त्यांनी लेकीकडे रोखून पाहिलं. "खरं सांग, माझं घर बंद करून मला कायमची इथं ठेवायचा बेत आहे ना तुमचा?"

लेकीनं नवऱ्याकडे पाहिलं, आणि नवऱ्यानं छताकडे.