खांदा सोडा, पाय रोवा

घोडपदेवच्या महिला गोविंदा पथकाचा खालचा थर ही कांताबाईंनी पंधरा वर्षे राबून उभी केलेली भिंत होती. त्या थरातल्या सहा जणींनी यंदा उत्तराखंडातल्या टोन्स नदीत राफ्ट, म्हणजे हवा भरलेली रबरी होडी, घालायचे ठरवले. ती नदी डोंगरावरून जिना उतरावा तशी कोसळते. तिथे मुरलेल्यांनाच सोडतात. त्याआधी कोलाडच्या नदीत परीक्षा होती, आणि तिथेच भिंतीने घात केला. पहिल्याच उसळीला राफ्ट कलली, तशा सहाही जणींनी वल्ही टाकली, एकमेकींच्या खांद्यांवर हात आवळले आणि माना खाली घातल्या. वल्ही वाहून गेली. राफ्ट गिरक्या घेत काठाला लागली.

"आजी, तो परीक्षा घेणारा राजससर हसला गं," सहा जणींतली एक, कांताबाईंची नात ऋता सांगत होती. "म्हणाला, ही हंडी नाही. रविवारी परत असं झालं, तर टोन्सचं विसरा."

"हसला?" कांताबाईंनी चष्मा काढला. "काही झालं तरी खांदा सोडायचा नाही, हे मीच शिकवलं. आता सोडवणारही मीच."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाळीच्या अंगणात टेम्पोच्या दोन ट्यूबा बांधल्या गेल्या. सहा जणी वर बसल्या. हातांत जळमटे काढायचे बांबू. चाळीतले दगडू आणि गुणाजी ट्यूबा गदागदा हलवू लागले. गॅलरीतून शेवंती आणि इतर शेजारणींच्या बादल्या रित्या झाल्या आणि क्षणात खांद्यांचे कडे आवळले गेले.

कांताबाईंची शिट्टी कडाडली. "रुपाले, हात कुठे?"

"चुकून गेला, आजी!"

"चुकूनच थर पडतो. वरच्या पाच थरांचं वजन काय हातांनी तोलत होतीस? पायांनी! तेच पाय ट्यूबेखाली रोव. हात वल्ह्याचे. शेवंती, ओत गं पुढची बादली, आणि मायेनं ओतू नकोस!"

शुक्रवारपर्यंत सारी चाळ निसरडी झाली, पण एकही हात खांद्याकडे गेला नाही. रविवारी राजससर हसला नाही. त्याने सहाही नावांपुढे खूण केली.

मे महिन्यातल्या एका दुपारी टोन्सच्या काठावरून व्हिडिओ कॉल आला. मागे पांढरे पाणी गर्जत होते. सहा जणी चिंब होऊन, वल्ही छातीशी धरून, ओळीत उभ्या होत्या; फोन टोकाच्या ऋताच्या लांबवलेल्या हातात होता.

"उतरलो, आजी! शेवटच्या धबधब्यात राफ्ट उभीच राहिली होती," ऋता धापा टाकत म्हणाली. "पण कोणी कोणाला बोटसुद्धा लावलेलं नाही. अजूनही. आता लावू?"

कांताबाईंनी पदर सावरला, गळ्यातली शिट्टी ओठांशी नेली आणि थर बांधण्याची ती जुनी, लांब शिट्टी दिली. सारी चाळ गॅलरीत आली. पलीकडे सहा जणी एकमेकींवर तुटून पडल्या. पडद्यावरचे चित्र गरकन फिरले, वाळू दिसली, मग नुसता आरडाओरडा ऐकू येऊ लागला.

"काय झालं हो?" शेवंतीने घाबरून विचारले.

"फोन सोडला," कांताबाई ऐटीत म्हणाल्या. "खांदा नाही."